अन्याय संपलेला नसताना मन बरं होऊ शकतं का?

प्रश्न असा आला आहे: "मी ज्या समाजात जन्मलो त्यावरून लहानपणापासून मला हिणवलं गेलं. शाळेत, कॉलेजात, पुढे कामाच्या ठिकाणीही. आज चांगली नोकरी आहे, पैशाची चणचण नाही. तरी चार माणसांत बसलो की आपण इथले नाही असं वाटतं, आणि घरच्यांत बसलो तरी तसंच वाटतं. झोप नीट लागत नाही. एका समुपदेशकांकडे गेलो तर ते म्हणाले, सगळं मनावर घेऊ नका, विचार करायची पद्धत बदला. बाहेर अन्याय जसाच्या तसा असताना थेरपीने नेमकं काय बदलणार?"

आधी सरळ उत्तर देते. थेरपीने बाहेरचा अन्याय थांबत नाही. पण त्या अन्यायाने तुमच्या आत जे आणून ठेवलं आहे, म्हणजे सततची धास्ती, स्वतःबद्दलचा हीन ग्रह आणि माणसांपासूनचं तुटलेपण, ते बऱ्याच अंशी सुटू शकतं, आणि त्यासाठी जग सुधारेपर्यंत थांबावं लागत नाही. मात्र दुखण्याचं कारण तुमच्या स्वभावात शोधत बसणारी थेरपी इथे उपयोगाची नाही. "मनावर घेऊ नका" हा सल्ला त्याच जातीचा आहे. तो ऐकून तुम्ही तिथे परत गेला नसाल तर मला त्याचं नवल वाटणार नाही.

जात, वंश, धर्म, लिंग, लैंगिकता, अपंगत्व, निर्वासितपण अशा कुठल्या ना कुठल्या कारणाने ज्यांना खालचं ठरवलं गेलं, अशा लोकांबरोबर मी अनेक वर्षं काम करते आहे. प्रत्येकाची कहाणी वेगळी असते. पण पहिल्याच भेटीत एक वाक्य बहुतेक जण बोलतात: "तसं माझ्या बाबतीत फार काही झालेलं नाही."

या वाक्यामागे एक कारण मानसोपचाराच्या इतिहासातही आहे. आघातानंतरच्या मानसिक विकाराला, ज्याला आपण पीटीएसडी म्हणतो, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत १९८० साली जागा मिळाली. त्यामागे व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या हालांचा मोठा वाटा होता. म्हणून आघात म्हटलं की एक मोठी, भीषण घटना डोळ्यांसमोर येते. त्या पुस्तिकेचा निकष आजही मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यांच्या प्रत्यक्ष अनुभवावर वा धोक्यावर उभा आहे. वर्गात सगळ्यांसमोर आडनावावरून हशा पिकला, मित्राच्या आईने ओळख कळल्यावर बोलण्याचा सूर बदलला, बढतीच्या वेळी "तुमचं काय, तुम्हाला मिळणारच" असं कोणी म्हणालं, हे त्या निकषात बसत नाही. मग माणूसच स्वतःला समजावतो की आपल्याला दुखायचा हक्क नाही.

शरीर मात्र हा निकष वाचून वागत नाही. पुन्हा पुन्हा कमी लेखलं गेलेल्या माणसाचं शरीर पुढच्या हल्ल्याची तयारी करून बसतं. वरिष्ठांचा "जरा भेटून जा" एवढा निरोप आला तरी पोटात गोळा येतो. खोलीत शिरताना पहिली नजर दार कुठे आहे आणि कोण कोणाशी बोलतंय याकडे जाते. रात्री दिवसभरातलं एकेक वाक्य परत ऐकू येतं. तुमची झोप इथेच अडते, असा माझा अंदाज आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्टर यांनी २००७ मध्ये वांशिक अपमानातून येणाऱ्या अशा आघाताची स्वतंत्र मांडणी केली. त्याआधी २००३ मध्ये इलन मायर यांनी समलिंगी आणि उभयलिंगी लोकांच्या संदर्भात दाखवून दिलं होतं की हा ताण एकपदरी नसतो. प्रत्यक्ष भेदभाव हा त्याचा एक पदर. तो पुन्हा होईल ही कायमची अपेक्षा हा दुसरा. ओळख लपवण्यात खर्ची पडणारी ताकद हा तिसरा. आणि समाजाचा तिरस्कार हळूहळू स्वतःचा करून घेणं हा चौथा. नोकरी, पैसा, प्रतिष्ठा मिळाली की फार तर पहिला पदर थोडा सैल होतो. बाकीचे तीन आपोआप जात नाहीत, आणि म्हणूनच "आता सगळं ठीक आहे, मग मला काय झालंय" हा प्रश्न इतका छळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गुंतागुंतीचा पीटीएसडी असं वेगळं निदान आलं आहे. त्यात आठवणींचं पुन्हा पुन्हा उसळणं, टाळाटाळ आणि सततची धास्ती यांच्या जोडीला भावना न आवरणं, स्वतःला कवडीमोल समजणं आणि नात्यांत टिकता न येणं या तीन गोष्टी धरल्या आहेत. त्यासाठीही अतिशय भीतिदायक अनुभव असावा लागतो, त्यामुळे हे निदान सगळ्यांना लागू होत नाही. तुम्हाला ते आहे असं मी इथून म्हणू शकत नाही. पण जिथून सुटता येत नाही अशा जागी दीर्घकाळ राहिल्याने माणसाचं स्वतःशी आणि इतरांशी असलेलं नातंच बिघडतं, हे वैद्यकाने मान्य केलं, याला मी महत्त्व देते.

आता तुटलेपणाकडे येते. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तिथेच दिसतो.

१९६९ च्या सुमारास अमेरिकेत क्लॉड स्टाइनर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधं सूत्र मांडलं. स्टाइनर हा व्यवहार-विश्लेषण या मानसोपचार-पद्धतीचे जनक एरिक बर्न यांच्या वर्तुळातला माणूस. त्यांच्या मते दडपशाही, त्या दडपशाहीबद्दलची फसवणूक आणि एकटेपण हे तिन्ही एकत्र आलं की माणूस स्वतःपासून आणि जगापासून तुटतो. सगळेच मानसिक विकार यातून येतात असा त्यांचा सूर होता. तो मला पटत नाही. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकारात अनुवंशिकतेचा आणि मेंदूच्या घडणीचा वाटा मोठा असतो. पण दडपशाहीतून आलेल्या तुटलेपणासाठी याहून कामाचं सूत्र मला सापडलेलं नाही, आणि त्यातलाही मधला शब्द सर्वांत कामाचा आहे, फसवणूक. नुसता अन्याय झाला आणि तो अन्याय आहे हे सगळ्यांनी मान्य केलं, तर माणूस चिडतो, रडतो, लढतो, पण सहसा स्वतःपासून तुटत नाही. तुटतो तेव्हा, जेव्हा अन्याय होतो आणि सोबत सांगितलं जातं की हा अन्याय नाहीच, तूच फार हळवा आहेस, तूच कमी पडतोस, किंवा तुझ्याच भल्यासाठी हे चाललंय.

एक प्रसंग सांगते. दोन-तीन जणींचे तपशील एकत्र करून, ओळख पुसून सांगते आहे. एक तरुणी आली होती, संशोधन करणारी. मीटिंगमध्ये तिचा आवाज बसतो, ही तक्रार. आदल्या आठवड्यात तिने एक मुद्दा मांडला होता, कोणी काही बोललं नाही. पाच मिनिटांनी एका सहकाऱ्याने तोच मुद्दा मांडला आणि सगळ्यांनी मान डोलावली. ती मला म्हणाली, "मॅडम, माझंच मांडणं कच्चं असणार."

मी विचारलं, "तुमचं वाक्य नेमकं काय होतं? जसंच्या तसं सांगा." तिने सांगितलं. "आणि त्यांचं?" तिने तेही सांगितलं, आणि मध्येच थांबली. दोन्ही वाक्यं जवळपास सारखी होती, किंबहुना तिचं जास्त नेमकं होतं. मग मी विचारलं, "तुम्ही बोलत होता तेव्हा कोण कुठे बघत होतं?" तिने डोळे मिटले. प्रमुख फोनमध्ये बघत होते. दोघं आपसात हसले. एक सहकारी मैत्रीण तिच्याकडे बघत होती, तिने नजर खाली घातली. हे सांगताना तिचा हात गळ्याशी गेला. मी तिला हात तिथेच ठेवायला सांगितलं आणि तिथे काय जाणवतंय ते विचारलं. "आवळल्यासारखं. हे पहिल्यांदा नाही झालेलं." मग थोडा वेळ ती खूप संतापून बोलली. आणि लगेच म्हणाली, "मी उगाच तर नाही ना म्हणत?"

तिला तीच शंका पहिल्यांदा कोणी घ्यायला लावली, हे आम्ही पुढचे अनेक आठवडे शोधत होतो. ते वाक्य तिच्या आवाजात येत होतं, पण शाळेतल्या बाई, वसतिगृहातल्या मुली, "आपण गप्प बसावं, आपलंच नाव खराब होतं" म्हणणारे घरचे, असे कितीतरी आवाज त्यात मिसळलेले होते. एकेक आवाज वेगळा काढून तो कोणाचा आहे हे ओळखणं, हेच या थेरपीतलं सर्वांत मोठं काम आहे.

नेहमीची थेरपी इथेच घसरते. विचार तपासण्याची पद्धत, म्हणजे सीबीटी, खूप गुणाची आहे आणि मी स्वतः ती वापरते. तिच्यात एक ठरलेला प्रश्न असतो: "या विचाराला पुरावा काय?" पण "लोक मला कमी लेखतात" या विचाराचा पुरावा पीडित माणसाकडे आयुष्यभराचा असतो. तो विचार चुकीचा ठरवायला गेलात तर तुम्ही त्याच्या अनुभवालाच खोटं पाडता, आणि जी फसवणूक बाहेर होत आली तीच पुन्हा थेरपीच्या खोलीत होते. म्हणून मी वहीचं पान उभं दुमडायला सांगते. डाव्या बाजूला "ते माझ्याशी कसे वागले" आणि उजव्या बाजूला "त्यावरून मी माझ्याबद्दल काय ठरवलं". डावी बाजू आपण खरी धरतो आणि नीट, तपशिलात लिहितो. तपास उजव्या बाजूचा. "त्यांनी मला बोलू दिलं नाही" इथून "माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही" इथपर्यंतची उडी कोणी मारायला लावली? त्या उडीला पुरावा काय? इथे हा प्रश्न अचूक लागू पडतो, आणि माणसाला त्यात आपला अपमान झाल्यासारखं वाटत नाही.

एक अडचण मात्र राहतेच. कित्येकदा डावी बाजूच धूसर असते. साहेब माझ्यावर ओरडले ते माझ्या ओळखीमुळे, की ते सगळ्यांवरच ओरडतात? नोकरी मिळाली नाही ती भेदभावामुळे, की खरंच दुसरा उमेदवार सरस होता? ही अनिश्चितता फार थकवते, आणि कौतुकालाही विष लावते, कारण "खरंच चांगलं झालं म्हणून म्हणाले की दया आली म्हणून" हे कळत नाही. अशा प्रत्येक प्रसंगाचा निकाल लावायची सक्ती थेरपिस्टने करू नये. प्रत्येक दुःखाचं कारण दडपशाहीच असं ठरवून टाकणारा थेरपिस्टही माणसाचं ऐकत नसतो. "हे मला नक्की सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही याचाच मला त्रास होतो" असं म्हणता येणं, ही सुद्धा मोठी मोकळीक असते.

कामाचा क्रम कसा असतो, तेही सांगते. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग जगाशी पुन्हा नातं जोडणं. हे टप्पे पायऱ्यांसारखे सरळ येत नाहीत, मागेपुढे होतात. पण पहिल्या टप्प्याशिवाय दुसऱ्यात उडी मारू नये, याबद्दल मी ठाम आहे.

आता तुम्ही म्हणाल, अन्याय चालूच असताना सुरक्षितता कुठून आणायची? पूर्ण सुरक्षितता आणता येत नाही. म्हणून आम्ही तुकड्यातुकड्यांत काम करतो. आठवड्यातले कोणते तास, कोणती माणसं, कोणत्या जागा अशा आहेत जिथे तुम्हाला सावध राहावं लागत नाही? बऱ्याच जणांचं उत्तर "एकही नाही" असं येतं. मग तसा एक तास तयार करणं हेच पहिल्या महिन्याचं काम. तुमची सावधगिरी हा आजार आहे असं मी मानत नाही. तिने तुम्हाला आजवर वाचवलं आहे. दारावरच्या राखणदाराला कामावरून काढायचं नसतं, पण चोवीस तास जागा राहिला तर तो कोसळतो. त्याला पाळी लावून द्यायची.

शरीरासाठी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं काही मिनिटं केलं की धडधड उतरते. पण हे सगळ्यांना मानवत नाही. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीवर दाबावेत आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यावीत. झोपेसाठी मी एक आग्रह धरते: दिवसाचा हिशेब अंथरुणात मांडायचा नाही. संध्याकाळी वीस मिनिटं खुर्चीत बसून लिहून काढायचा आणि वही मिटायची. ज्यांचा छळ अजून चालू आहे त्यांनी याच वेळात तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार अशी नोंदही ठेवावी. पुढे तक्रार करायची असो वा नसो, "हे असंच घडलं होतं" याची खात्री स्वतःला राहते. नैराश्य खोल असेल, खाणं-झोपणं अगदी कोलमडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून औषध घ्यायला संकोच करू नका. आणि आयुष्य संपवण्याचे विचार येत असतील तर वाचायचं इथेच थांबवा, आत्ता जवळच्या एका माणसाला ते शब्दांत सांगा आणि तातडीने रुग्णालयात जा. बाकी सगळं त्यानंतर.

आठवणींच्या कामासाठी आज चांगल्या पद्धती हाताशी आहेत. आघातावर बेतलेली सीबीटी आणि ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या लयबद्ध हालचालींबरोबर आठवण हाताळण्याची फ्रान्सिन शपिरो यांची पद्धत, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रौढांच्या पीटीएसडीसाठी केली. अपमानाच्या आठवणी मात्र शेकड्यांनी असतात, प्रत्येकीवर काम करता येत नाही. माझा अनुभव असा की त्यांच्यामागे दोन-तीनच मूळ प्रसंग असतात, बहुधा सहा ते चौदा वर्षांच्या वयातले. त्यातला एक मोकळा झाला की पुढच्या कित्येकांची धार कमी होते.

मला विशेष जवळची वाटते ती साक्ष देण्याची पद्धत. चिलीमध्ये पिनोशेच्या लष्करी राजवटीत छळ सोसलेल्या लोकांबरोबर काम करताना तिथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती विकसित केली आणि १९८३ मध्ये, जिवाला धोका असल्यामुळे टोपणनावाने, प्रसिद्ध केली. त्यात पीडित माणूस आपली हकीकत सांगतो, ती ध्वनिमुद्रित होते, मग लिहून काढली जाते, आणि दोघं मिळून वाचून, दुरुस्त करून तिचा एक दस्तऐवज बनवतात. तो दस्तऐवज त्या माणसाच्या मालकीचा असतो. त्याने तो कोणाला दाखवायचा, न्यायालयात द्यायचा की कपाटात ठेवायचा, हे त्याचं तोच ठरवतो. यात "तुम्हाला काय आजार आहे" हा प्रश्न बाजूला पडतो आणि "तुमच्यावर काय गुदरलं" याची नोंद होते. आयुष्यभर ज्याचं म्हणणं कोणी खरं धरलं नाही त्याला आपले शब्द कागदावर, दुसऱ्याने आदराने उतरवलेले दिसतात, तेव्हा काय होतं ते मी पाहिलं आहे. माणसं ते कागद हातात घेऊन खूप वेळ बसतात.

फसवणुकीचा पडदा सरकू लागला की राग येतो. येऊ द्या. या वळणावर घरचे घाबरतात आणि म्हणतात, "थेरपीला जायला लागल्यापासून हा जास्तच चिडतो." काही थेरपिस्टही घाबरून रागाला लगेच "मॅनेज" करायला निघतात. मला तो राग प्रकृती सुधारत असल्याची खूण वाटते, कारण इतके दिवस जो दोष स्वतःवर वळलेला होता तो आता बाहेर निघाला आहे. जपायचं एवढंच की तो जवळच्या आणि दुबळ्या माणसांवर पडू नये. बायको, मुलं, हाताखालचे लोक यांच्यावर तो सहज घसरतो, कारण ज्यांच्यावर काढायला हवा त्यांच्यावर काढायची सोय नसते.

रागाच्या खाली शोक असतो, आणि तिथे थांबायला फार कमी जण तयार असतात. ज्या खेळात भाग घेतला नाही, जिच्याशी बोललोच नाही, जो विषय शिकायचा होता पण "आपल्याला जमणार नाही" म्हणून सोडला, ती वर्षं परत येत नाहीत. आई-वडिलांनी काय काय गिळलं हेही याच वेळी उमगतं. या दुःखावर उपाय सुचवू नयेत. कोणीतरी सोबत बसावं, एवढंच ते मागतं.

तुम्ही लिहिलं आहे की घरच्यांतही परकं वाटतं. याबद्दल लोक सहसा बोलत नाहीत, कारण त्यात अपराधीपणा असतो. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताने १९०३ मध्ये लिहिलं होतं की दडपलेला माणूस स्वतःला सतत दुसऱ्यांच्या नजरेतून पाहत राहतो. ती नजर एकदा डोळ्यांत बसली की ती स्वतःपुरती राहत नाही. आईचं बोलणं, भावाचे कपडे, नातेवाइकांचं मोठ्याने हसणं, सगळं त्याच नजरेतून दिसू लागतं आणि लाज वाटते. मग लाज वाटल्याची लाज वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचं वर्णन श्रेणीबद्ध विषमता असं केलं. प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतो, आणि खालीही कोणीतरी असतो म्हणून एकजूट होत नाही. हे मला थेरपीच्या खोलीतही दिसतं. आपल्याच लोकांत "मी त्यांच्यासारखा नाही" हे सिद्ध करण्यात माणसाची केवढी शक्ती जाते. हे बोलून दाखवायला सुरक्षित जागा मिळाली की लाजेची पकड ढिली होते. घरच्यांशी नातं पूर्वीसारखं होईलच असं नाही. पण त्यांच्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येऊ लागतं.

फ्रांत्झ फानोन १९५३ मध्ये अल्जीरियातल्या ब्लिदा-जॉइनव्हिल मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथे फ्रेंचांची सत्ता होती. १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याच्या पत्रातलं त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस आपल्या परिसरात परका राहू नये, हे मानसोपचाराचं काम असेल, तर स्वतःच्याच देशात कायमचा परका करून ठेवलेल्या अरब माणसावर मी काय उपचार करू? तुमचा प्रश्न तोच आहे. फानोन यांनी दवाखाना सोडून स्वातंत्र्ययुद्धात उडी घेतली. मी दवाखान्यात राहिले, कारण आज, या आठवड्यात, झोप उडालेल्या माणसाला क्रांतीची तारीख सांगून भागत नाही. पण त्यांचा आक्षेप मी मनात ठेवूनच रोज काम करते. माणसाला अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकवणं हा उपचार होऊ शकत नाही.

म्हणून मी एकट्याच्या सेशनवर कधीच थांबत नाही. स्टाइनर यांच्या सूत्रात उतारा दोन गोष्टींचा होता: जाणीव आणि संपर्क. जाणीव दोघांच्या खोलीत येऊ शकते. संपर्क मात्र अनेकांत जाऊनच होतो. जे दुखणं माणसांनी माणसाला दिलं ते माणसांतच भरून येतं. गटात कोणी एक जण सांगतो की फोनवर आडनाव सांगताना तो क्षणभर थांबतो, आणि समोरचे सहाही जण मान हलवतात, तेव्हा जे घडतं ते माझ्या कितीही कुशल बोलण्याने घडत नाही. वर्षानुवर्षं ज्याला आपला खासगी दोष मानलं तो सगळ्यांचा समान अनुभव निघतो. थेरपी गट मिळाला नाही तर वाचन गट, संघटना, समान अनुभवाच्या मित्रांची ठरलेली भेट, काहीही चालेल. चळवळीतल्या मित्रांना मात्र एक सांगते: लढ्याने मनाला खूप बळ मिळतं, पण न झोपता, न रडता, चोवीस तास लढत राहिलं की तेच जुनं शरीर पुन्हा धास्तीवर जातं.

सुधारणा कशी दिसते? अपमान दुखायचा थांबत नाही, तसं वचन देणाऱ्यांपासून लांब राहा. बदलतो तो त्याचा मुक्काम. पूर्वी एका शेऱ्याने दोन आठवडे जात, आता एक संध्याकाळ जाते. उत्तर द्यायचं की गप्प राहायचं हे भीती ठरवत नाही, तुम्ही ठरवता, आणि गप्प राहिलात तर त्याबद्दल रात्री स्वतःला शिक्षा करत नाही. कौतुक ऐकून घेता येतं. याला महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षंही.

आता थेरपिस्ट कसा निवडायचा ते. आपल्याच समूहातला असावा का, असं जवळजवळ सगळे विचारतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित आढाव्यात दिसलं की आपल्याच वंशाचा थेरपिस्ट लोकांना हवासा वाटतो, पण एकूण गुण येण्यात त्याने जवळपास फरक पडत नाही. माझं मत असं की लाज फार खोल असेल तर सुरुवातीला आपल्यातला माणूस सोपा जातो. एरवी समोरच्याला सत्तेचा प्रश्न कळतो का, हे जास्त महत्त्वाचं. पहिल्याच भेटीत थेट विचारा: "भेदभावातून आलेल्या त्रासावर तुम्ही काम केलंय का? तुमची माझी पार्श्वभूमी वेगळी आहे, त्याबद्दल आपण इथे बोलू शकतो का?" उत्तरातल्या माहितीपेक्षा सूर ऐका. अवघडून का होईना, "हो, बोलू या" म्हणणारा माणूस चांगला. "मी सगळ्यांना सारखंच बघतो" म्हणून विषय मिटवणाऱ्याला तुमचा अर्धा अनुभव दिसणारच नाही.

चांगल्या थेरपिस्टकडूनही कधीतरी टोचणारं वाक्य जाईल. तेव्हा निमूटपणे जाणं बंद करू नका. पुढच्या वेळी सांगा, "मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं." तो ऐकून घेतो, स्वतःचा बचाव न करता विचारतो आणि चूक कबूल करतो, तर तुमच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच असं होईल की वरच्या जागी बसलेल्या माणसाला तुम्ही त्याची चूक दाखवली आणि नातं तुटलं नाही. ते एक सेशन कित्येक महिन्यांच्या कामाएवढं असतं. आणि तो जर म्हणाला की तुम्ही फार मनावर घेता, तर त्याची फी देऊन उठा आणि दुसरा थेरपिस्ट शोधा.